नाकाची साक्ष

प्रिय मित्रास,

सप्रेम नमस्कार. तुझ्या दोन पत्रांना मी उत्तर दिलेले नाही आणि त्यासाठी सांगण्यासारखे एकही कारण माझ्याजवळ नाही. प्रकृती ठीक आहे, रक्तदाबाची गोळी चालू आहे, आईचे गुडघे होते तसेच आहेत. हे एका दमात उरकतो, कारण आज लिहायला बसलो आहे तो एका वासापायी. आणि वासाची गोष्ट तुझ्याखेरीज कोणाला लिहावी? मला ‘नाक’ हे नाव तूच ठेवलेस.

ती रात्र तू विसरला असशील असे वाटत नाही. दोन वाजता ‘काहीतरी जळते आहे’ म्हणून मी अख्खा मजला उठवला, लंबू उघड्या अंगाने जिन्यापर्यंत पळाला, आणि शेवटी निघाले काय, तर तू चादरीच्या आडोशाला बसून रेडिओच्या तारांना डाख देत होतास आणि तो राळेचा धूर होता. त्यानंतर तीन वर्षे मला कोणी खऱ्या नावाने हाक मारली नाही. (तुझ्या वहीवर तापलेले सोल्डरिंग आयर्न मी ठेवले नव्हते, हे याच ओघात पुन्हा एकदा नमूद करतो.) थट्टा थट्टेच्या जागी होती, पण तेव्हापासून कसलाही वास आला तरी तो बोलून दाखवण्यापूर्वी मी दोनदा विचार करू लागलो. या खेपेला मी अकरा दिवस विचार केला.

झाले असे की, सकाळी साडेसहा-सातच्या सुमारास न्हाणीघराबाहेरच्या बोळात एक वास येऊ लागला. जळका म्हणावा असा तो मुळीच नव्हता. कुबट, किंचित मासळीसारखा आणि मागाहून घशात बसणारा असा होता. तासाभरात तो निघून जाई. आई म्हणाली, कपाटामागे पाल मेली असेल. तुझ्या वहिनीने मोरीच्या जाळीत औषध ओतले. मी कपाट सरकवले, मोरी घासली, दोन दिवस खिडकी सताड उघडी ठेवली, आणि चौथ्या दिवसापासून मला तो वास जवळजवळ येईनासाच झाला. फसलो तो इथेच. वास कुठेही गेला नव्हता. एकाच वासात काही मिनिटे उभे राहिले की नाक त्याची दखल घेणे सोडते, आणि मी तर रोज त्याच बोळातल्या बेसिनपाशी दाढी करत उभा असे. फिरून आलेली धाकटी मात्र दारातच नाक मुरडायची. तिला मी ‘उगाच काहीतरी काढू नकोस’ म्हणून गप्प केले. हे वाक्य मला कोणाकोणाकडून ऐकावे लागले आहे ते तुला ठाऊकच आहे.

बाराव्या दिवशी गीझर बंद करायला बटणावर बोट ठेवले आणि झटक्यात मागे घेतले, कारण बटणाची पट्टी चांगलीच तापलेली होती. वाकून पाहिले, तर सॉकेटच्या पांढऱ्या प्लास्टिकवर पिनेभोवती तपकिरी कड आली होती, जुन्या पुस्तकाच्या पानांना येते तशी, आणि कान जवळ नेला तेव्हा आतून बारीक चरचर ऐकू आली. अशा प्रसंगी चार वर्षे विजेची विद्या शिकलेल्या तुझ्या मित्राने काय करावे? मी बादली उचलली. भरलेली. आईने शांतपणे विचारले, “पाणी नक्की कोणाला घालतोयस?” तेव्हा कुठे भानावर आलो, बादली खाली ठेवली आणि धावत जाऊन मेन स्विच पाडला. पिन ओढून काढण्याचा मोह झाला होता, पण चालू प्रवाहात सैल पिन ओढली की ठिणगी उडते, एवढे तरी सुदैवाने आठवले.

वायरमन दुपारी आला. पट्टी उघडल्याबरोबर तोच वास, पण दहापट, अंगावर आला. न्यूट्रलचा स्क्रू नुसत्या बोटाने फिरत होता. तारेवरचे आवरण त्याने चिमटीत धरले तर ते वाळक्या सालीसारखे तुकड्यातुकड्यांनी गळून पडले आणि आत तांब्याची तार काजळीसारखी काळी निघाली. सॉकेटच्या मागच्या बाजूला वाटाण्याएवढा खळगा पडला होता. मासळीच्या वासाचा उगम तो! प्लास्टिक आणि रेझिनचे काही प्रकार पेटण्याच्या पुष्कळ आधी, नुसते तापल्यावर, असा वास सोडतात. म्हणजे मेलेली पाल आम्ही अकरा दिवस भिंतीच्या बाहेर शोधत होतो.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. वर मी ‘कारण नाही’ असे लिहिले, ते खरे नाही. तुझ्या घराचे वायरिंग चालू असताना आपले जे वाजले, त्यानंतर मला लिहावेसे वाटेना. दरवर्षी प्रत्येक बोर्ड उघडून स्क्रू आवळायचे, हा तुझा हट्ट. आणि प्रवाह प्रमाणाबाहेर वाढला की पडणारा एमसीबी आहे, प्रवाहाची गळती झाली की पडणारा ईएलसीबी आहे, मग हा रिकामा उद्योग कशाला, हे माझे म्हणणे. चारचौघांत मी तुला ‘पान्हेबहाद्दर’ म्हणालो होतो. तो शब्द परत घेतो. कारण त्या अकरा दिवसांत ना एमसीबी पडला, ना ईएलसीबी, आणि दोघांचेही काही चुकले नव्हते, हे मला कागदावर आकडे मांडल्यावर पटले. गीझर 2000 वॉटचा, म्हणजे 230 व्होल्टला साधारण 8.7 अँपिअर, एमसीबी 16 अँपिअरचा. त्याच्या दृष्टीने सगळे आलबेल, कारण सैल सांध्यामुळे प्रवाह वाढत नाही, झालाच तर किंचित कमी होतो. ईएलसीबी पाहतो तो गेलेला प्रवाह आणि परतलेला प्रवाह यांतला फरक. 30 मिलिअँपिअरच्या आसपास तफावत पडली तर तो पडतो. इथे तर सगळा प्रवाह न्यूट्रलमधूनच परतत होता, फक्त धडपडत. त्या सांध्यात अर्धा ओहम जरी रोध धरला, तरी तिथे सुमारे 38 वॉट उष्णता निर्माण होते. म्हणजे तुझ्या त्या सोल्डरिंग आयर्नएवढी! मुठीएवढ्या प्लास्टिकच्या डबीत आम्ही रोज सकाळी एक आयर्न तापत ठेवत होतो. तापले की धातू फुगतो, निवला की आकसतो, त्यात स्क्रू आणखी सैल होतो, तांब्यावर काळा थर चढतो, रोध वाढतो, आणि दुसऱ्या दिवशी ते कालच्याहून अधिक तापते. त्याच भिंतीच्या पलीकडे, सॉकेटपासून हातभर अंतरावर, आईची उशी असते.

वायरमनने जळलेला भाग कापून चांगले तांबे लागेपर्यंत तार मागे नेली, ती अपुरी पडली म्हणून तारा जोडण्याच्या जंक्शन डबीपासून नवी ओढली, सॉकेट बदलले, आणि माझ्या आग्रहावरून बाकीचे सातही बोर्ड उघडून पाहिले. त्यांतल्या दोन ठिकाणी स्क्रू अर्धा फेरा सहज फिरला. तो अर्धा फेरा माझ्या डोक्यातून जात नाही. उघडता येतात ते बोर्ड उघडले. पण भिंतीत आणि छतात जे सांधे गिलाव्याखाली गेले आहेत, त्यांचे काय? रात्री उठतो आणि एकेका पट्टीला हाताची मागची बाजू लावून पाहतो, लहान मुलाचा ताप बघतात तसे. तुझी वहिनी म्हणते, आता भिंतीला गोळीही द्या. हसायला मलाही येते, पण परवा पहाटे अडीचला मी खरोखरच पुन्हा सगळ्यांना उठवले. वास मला स्पष्ट आला होता. मेन पाडला, टॉर्च घेऊन सगळे घर हुंगले, इस्तरी, चार्जर, पंख्याचा रेग्युलेटर, काही सोडले नाही. काही सापडले नाही. धाकटीला विचारले, तर तिला कसलाच वास आला नव्हता. आधी असलेला वास मला येत नव्हता आणि आता नसलेला येतो आहे, असे तर नसेल? की तो आहे, आणि या खेपेला तिच्या नाकाला सवय झाली आहे? या प्रश्नावर माझ्याशी गंभीरपणे बोलेल असा माणूस तूच आहेस, कारण सर्वांत जास्त हसणाराही तूच असणार.

म्हणून एक मागणे आहे. तुझ्या कामावर उष्णता दाखवणारा तो कॅमेरा असतो. रजा काढून एखाद्या रविवारला जोडून ये आणि येताना तो घेऊन ये. गीझर, इस्तरी, पंखे, सगळे अर्धा तास एकदम चालू ठेवू, कारण भार नसला तर सैल सांधाही थंडच दिसतो, आणि मग एकेक भिंत पाहू. गिलाव्याच्या आतले त्यातून दिसत नाही हे मला कळते. पण पृष्ठभागावर ऊब आली असेल तर ती तरी दिसेल, आणि ती माझ्याखेरीज आणखी कोणीतरी पाहिलेली असेल.

तुझ्या बदलीचे लंबूकडून कळले. अभिनंदन करायचे की सांत्वन, ते कळव. चिरंजीवांच्या निकालाबद्दल फोनवर बोलू. वहिनींना नमस्कार.

तू स्क्रू आवळतोस हे मला माहीत आहे, आता सगळ्यांनाच माहीत आहे. तरीही हे पत्र वाचून झाले की तुझ्या गीझरचे बटण बंद कर, पिन निवल्यावर काढ, उजेडात धर आणि तिचा रंग मला कळव.

तुझा,
नाक