‘का विकली?’ एवढंच विचारलं होतं

पुणे,
रविवार, १४ डिसेंबर २०२५

प्रिय शिऱ्या,

परवा तू फोनवर विचारलंस, “गाडीचे पेढे कधी?” आणि मी “नंतर बोलते” म्हणून फोन ठेवला. रागावू नकोस. त्या क्षणी मी एका शोरूमच्या सोफ्यावर बसले होते, समोर तिसरी कॉफी येऊन गार झाली होती आणि ज्या माणसाची वाट बघत होते तो पन्नास मिनिटांपासून ‘दोन मिनिटांत’ येणार होता. आज ऑफिस बंद आहे, मकरंद राजगडावर गेलाय, घरात शांतता आहे. सगळं पहिल्यापासून लिहिते. चहा घेऊन बस.

ठरवलं दसऱ्याला. बावीस वर्षं लोकांच्या हिशोबांत गाड्यांवर घसारा लावतेय, म्हणजे दरवर्षी उतरणारी किंमत मांडतेय. म्हटलं, एकदा स्वतःच्या पैशाने, स्वतः चालवायला एक जर्मन गाडी घ्यावी. (जर्मन म्हणायचं आपलं. मर्सिडीज चाकणला जुळते, ऑडी शेंद्र्याला.) नवी नको हे पक्कं होतं. शोरूमच्या दारातून बाहेर पडताना जी किंमत उतरते तो मार दुसऱ्याने खावा, आपण वर्ष-दीड वर्षाची, वॉरंटी शिल्लक असलेली घ्यावी. कागदावर इतका सोपा विचार होता.

तू तेव्हा एक गोष्ट सांगितली होतीस. इंजिन मागाहून बघ, आधी विचार की मालकाने गाडी का विकली. मी तो प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आणि अडीच महिने जिथे गेले तिथे विचारला. मला मिळालेली उत्तरं अशी: “अपग्रेड केली.” “फॅमिली कॅनडाला शिफ्ट झाली.” “त्यांच्याकडे अजून चार आहेत, ही वापरलीच जात नव्हती.” आणि सगळ्यात आवडलेलं, “त्यांच्या मिसेसना रंग आवडला नाही.” पंचावन्न लाखांच्या गाडीचा रंग बाईला दीड वर्षाने खटकला!

आणखी एक प्रश्न मला सगळीकडे ऐकावा लागला. “सर कधी येणार आहेत?” मकरंद एकदाच बरोबर आला होता. त्याला गाडीत बसवून सीट मागेपुढे कशी होते ते दाखवलं, आणि मी मागच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन. बिचारा सांगत होता, “मला गिअर बदलायचाही कंटाळा येतो, घेणार ती आहे.” तरी व्हिजिटिंग कार्ड त्याच्याच हातात.

आता पहिली गाडी. अधिकृत शोरूमची डेमो कार, म्हणजे गिऱ्हाइकांना चालवून बघायला ठेवलेली. पांढरी पेट्रोल सेडान, ६,८०० किलोमीटर, नोंदणी फेब्रुवारी २०२५. काचेवर ‘९ लाखांची बचत’ असा कागद चिकटवलेला. मी विचारलं, नऊ लाख कशातून वजा केले? “ऑन-रोडमधून, मॅडम.” म्हणजे कर, विमा सगळं धरून होणाऱ्या किमतीतून. कुठल्या ऑन-रोडमधून? इथे तो पोरगा जरा थबकला.

तुला हिशोब सांगते, कारण तुला मजा येईल. फेब्रुवारीत त्या गाडीची एक्स-शोरूम किंमत, म्हणजे रोड टॅक्स आणि विम्याच्या आधीची, ६२ लाख होती. तेव्हा अशा सेडानवर २८ टक्के जीएसटी आणि वर २० टक्के सेस (अधिभार) होता. २२ सप्टेंबरपासून सेस गेला आणि सरसकट ४० टक्के झाला, म्हणजे तीच गाडी आज कोरी घेतली तर साडेअठ्ठावन्नच्या थोडी वर. दुसरं, डेमो कार कंपनीच्या नावावर असते. आपल्याकडे कंपनीच्या नावाने गाडी घेतली की रोड टॅक्स २० टक्के, आणि माझ्या नावावर पेट्रोल गाडी घेतली तर १३. त्याने काय केलं, ६२ लाख, त्यावर २० टक्क्यांचे १२.४० लाख, विम्याचे २.३० लाख, बेरीज ७६.७०. त्यातून नऊ काढले, ६७.७०. मी त्याच्याच टेबलावर, त्याच्याच पेनने कोऱ्या गाडीचा हिशोब मांडला: ५८.६५, रोड टॅक्स ७.६२, विमा २.३०, एकूण ६८.५७.

बचत सत्त्याऐंशी हजार. तीही कशी, तर दहा महिन्यांची वॉरंटी संपलेली, आरसीवर (गाडीच्या नोंदणीच्या कागदावर) मी दुसरी मालक, आणि पुण्यातल्या प्रत्येक हौशी पोराने टेस्ट ड्राइव्हच्या नावाखाली तिचा अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला. शिवाय डिसेंबरात कोऱ्या गाडीवर घासाघीस केली असती तर सत्त्याऐंशी हजार तिथेच सुटले असते.

पोरगा कागदाकडे बघत राहिला, मग म्हणाला, “मॅडम, तुम्ही फारच डीपमध्ये जाता. फील बघा ना गाडीचा.” त्याला दोष देत नाही. त्याला तो ७६.७० चा आकडा कुणीतरी वरून दिला होता आणि त्याने तो खरंच कधी उलगडून बघितला नव्हता.

मग वापरलेल्या उंची गाड्यांच्या दालनांकडे वळले. बाणेरपासून वाकडपर्यंत नुसत्या रांगा आहेत रे, काचेच्या भिंती, खाली पांढरी फरशी, त्यावर गाड्या अशा उभ्या की देवळातल्या मूर्ती. तिथली भाषाच वेगळी. ‘सिंगल ओनर’, ‘डॉक्टर ड्रिव्हन’, ‘स्क्रॅचलेस’. डॉक्टर ड्रिव्हन म्हणजे काय ते मला समजलं नाही. अर्ध्या कोथरूडच्या डॉक्टरांची रिटर्न मी भरते आणि त्यांचं ड्रायव्हिंगही बघितलंय.

तिथे एक निळी गाडी मला खरंच आवडली होती. २०२३ची, मीटरवर १९,४००. तू सांगितल्याप्रमाणे टायरच्या कडेवरचा चार आकडी नंबर बघितला: १८२५. म्हणजे २०२५च्या अठराव्या आठवड्यात बनलेले, आणि चारही टायर तेच. एकोणीस हजारांत चारही टायर कशाला बदलले? “आम्हीच नवीन टाकले, मॅडम, कस्टमर सॅटिस्फॅक्शन.” बरं. स्टिअरिंगचं चामडं डाव्या बाजूला गुळगुळीत होऊन चमकत होतं, ड्रायव्हर सीटची बाहेरची कड बसलेली. चॅसिस नंबर लिहून आणला आणि ओळखीने सर्व्हिसची नोंद काढली. नोव्हेंबर २०२४च्या सर्व्हिसला मीटर ३१,०००च्या पुढे होतं.

मी तो कागद घेऊन परत गेले. तुला वाटेल मोठा तमाशा झाला असेल. काहीही झालं नाही. मालकाने कागद वाचला, घडी घातली, मला परत दिला आणि म्हणाला, “ही आमची गाडी नाही, पार्क अँड सेलला आहे. आम्ही फक्त जागा देतो.” काल तीच गाडी ‘आमची पर्सनल गॅरंटी’ होती. आवाजात शरम नाही, राग नाही. “दुसरी दाखवू?” म्हणाला. माझी सगळी तयारी भांडणाची होती, आणि समोर भांडायला कुणी नव्हतंच.

दुसरी दाखवली ती दिल्लीची डिझेल. तिकडे दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाने टाच आणली तेव्हापासून डिझेल गाड्या स्वस्तात बाहेर पडतात आणि इकडे येऊन चकचकीत होतात. गाडी बरी होती, पण दिल्लीची एनओसी (ना-हरकत पत्र) आलेली नव्हती आणि इथला रोड टॅक्स माझा मी भरायचा होता, हे तिसऱ्या भेटीत कळलं. तिसऱ्या दालनात सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघितला तर आतल्या टोकाला मातकट रेघ. बाकी गाडीला मोगऱ्याच्या अत्तराचा वास. गेल्या वर्षी जुलैत सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा क्लायंटच्या गाड्या टपापर्यंत बुडालेल्या मी बघितल्या आहेत. तो वास मला पाठ आहे, मोगऱ्याखाली असला तरी. हिची हकीकत मात्र विचारत बसले नाही.

शेवटी मकरंद म्हणाला, ‘सर्टिफाइड’, म्हणजे तपासून प्रमाणपत्र दिलेली जुनी गाडी घे, जास्त पैसे गेले तरी चालतील. घेतली असती. गाडी स्वच्छ होती, नोंद पूर्ण होती, ४८ लाख सांगितले. पन्नास हजार टोकन दिलं. आठ दिवसांनी कोटेशन आलं: ४८ लाख, अधिक १८ टक्के जीएसटी. शिऱ्या, मी चष्मा पुसून परत वाचलं. आठ लाख चौसष्ट हजार!

फोन केला. “मॅडम, सरकारने जुन्या गाड्यांवर अठरा टक्के केलाय ना, जानेवारीत.” मी म्हटलं, बाळा, ऐक. तो कर गाडीच्या किमतीवर नाही, तुमच्या नफ्यावर आहे. तुम्ही ४५ला घेऊन ४८ला विकली तर तीन लाखांवर, आणि तो तुम्ही तुमच्या मार्जिनमधून भरायचा. शिवाय जानेवारी २०२५मध्ये बदल झाला तो छोट्या आणि इलेक्ट्रिक गाड्यांसाठी, या मोठ्या गाड्यांना तो आधीपासून अठराच होता. पलीकडे बराच वेळ शांतता. मग, “मॅडम, तुम्ही अकाउंट्समध्ये आहात का?”

जीएसटी निघाला. त्याच्या जागी ‘आरटीओ आणि हँडलिंग’ म्हणून पंचाहत्तर हजार आले. नाव बदलायचं सरकारी शुल्क काही शेकड्यांत आहे, हे त्यालाही ठाऊक आणि मलाही. मी विचारलं, मालकाकडून गाडी ताब्यात घेतली तेव्हा फॉर्म २९-सी भरलात का? एप्रिल २०२३पासून गाडी जुन्या गाड्यांच्या डीलरकडे गेली की तो भरून आरटीओला कळवायचं असतं, म्हणजे गाडी कुणाच्या ताब्यात आहे याची नोंद राहते. तो म्हणाला, “ते काय असतं, मॅडम?” मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३० मात्र सह्या करून कोरेच फाइलमध्ये तयार होते. वर मालकाच्या कर्जाची बँकेची एनओसी ‘ऑन द वे’. तीन आठवडे ती रस्त्यावरच होती. परवाचा सोफा तो. पन्नास मिनिटांनी मॅनेजर आला आणि म्हणाला की गाडी त्याच दिवशी दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिली, मी ‘कन्फर्म’ केलं नव्हतं म्हणून.

मला पैशाचं इतकं वाईट नाही वाटलं. टोकन येईल, नोटीस पाठवायला मला वकील शोधावा लागत नाही. मला लागलं ते वेगळंच. माझ्या टेबलाशी रोज लोक येतात आणि थोडंफार लपवतात, तो धंद्याचा भाग आहे, पण खोदून विचारलं की खाली कुठेतरी खरं लागतं. इथे खोदत गेलं की खाली दुसरा सेल्समन निघतो. अडीच महिन्यांत सात गाड्या बघितल्या आणि एकाही गाडीबद्दल एकही माणूस मला “हे मला माहीत नाही” असं म्हणाला नाही.

आता तुझ्याकडे काम. काल रात्री तुमच्या कोल्हापुरातल्या, ताराबाई पार्कातल्या एका गृहस्थांचा नंबर मिळाला, आमच्या ऑफिसातल्या मुलीचे दूरचे काका. गाडी २०२४ची, एमएच-०९, पहिलेच मालक, डीलर मध्ये नाही. फोन केला आणि सवयीने पहिला प्रश्न तोच विचारला. ते म्हणाले, “डोळ्याचं ऑपरेशन झालंय, रात्री समोरचे दिवे सोसत नाहीत. ड्रायव्हर ठेवला, त्याने डावीकडचं मागचं दार गोठ्याच्या फाटकाला घासलं. तो ओरखडा तसाच आहे, रंगवला नाही, तुम्ही येऊन बघा आणि त्याचे पैसे कापा. हां, आणि पुढच्या उजव्या चाकातून खड्ड्यात गेलं की टकटक आवाज येतो. इथल्या लोकांना सापडला नाही. तुमच्या ओळखीचं कुणी असेल तर घेऊन या.”

मी फोन धरून उभीच राहिले. त्यांना वाटलं लाइन कट झाली.

तेव्हा शनिवारी पहाटेच्या गाडीने येते. उद्यमनगरातून तू तुझं ते पेंटची जाडी मोजायचं यंत्र आणि बिघाड शोधायचा स्कॅनर घे, दहा वाजता ताराबाई पार्कात भेटू. टकटक स्टॅबिलायझर लिंकची (चाकाजवळच्या त्या छोट्या जोडदांडीची) निघाली तर सौदा तिथेच करते. त्याहून मोठं काही निघालं तर मला त्यांच्यासमोर सांगू नकोस, बाहेर येऊन सांग, म्हातारा माणूस आहे. मंगलला सांग जेवायला मी आहे, मुक्काम नाही.

तुझी,
नीलू

ता. क. हे लिहीत असतानाच निळ्या गाडीवाल्याचा मेसेज आला. “गुड ईव्हनिंग मॅडम, ब्लू वाली अजून अव्हेलेबल आहे. सर काय म्हणाले?”