खडक खरवडून प्रवाळ वाचत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला प्रवाळांवरचा लेख वाचला आणि जीव चडफडला. लेखकाची तळमळ खरी आहे, त्याबद्दल आभारच मानते. पण 'खडकांवरचे शैवाल प्रवाळाला मारते, ते काढण्याची मोहीम पर्यटकांना सोबत घेऊन राबवावी' ही सूचना छापण्याआधी कोणते शैवाल, एवढे तरी विचारायचे होते. सोबतच्या छायाचित्रात खडकावर जो गुलाबी थर दिसतो त्याखाली 'मृत प्रवाळ' असे छापले आहे. तो मेलेला नाही आणि प्रवाळही नाही. ते जिवंत कोरलाइन शैवाल आहे.

हिरवे, केसाळ शैवाल प्रवाळावर चढते, हे मला मान्य आहे. सांडपाणी वाढले आणि शैवाल खाणारे मासे कमी झाले की ते माजते. पण गुलाबी शैवालाचे काम याच्या अगदी उलट असते. ते आपल्या पेशीभित्तिकांत चुना साठवते आणि दगडासारखे कडक होऊन खडकाला चिकटून पसरते. वादळात मोडलेले प्रवाळाचे तुकडे, शिंपल्या, वाळू हे सगळे या थराखाली सांधले जाते. प्रवाळभित्तीच्या, म्हणजे प्रवाळांनी बनलेल्या समुद्रातल्या खडकाच्या, ज्या कडेवर लाटा येऊन फुटतात तिथे नाजूक फांद्यांचे प्रवाळ तग धरत नाहीत, तिथे हेच शैवाल उभे असते. पॅसिफिकमधल्या फुनाफुटी बेटावर 1896 ते 1898 या काळात लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेने प्रवाळभित्तीत खोलवर भोक पाडून पाहिले. ती भित्ती उभारण्यात प्रवाळांपेक्षा या शैवालाचा वाटा मोठा, असे तिथल्या अभ्यासात आढळले. म्हणजे ही गोष्ट सव्वाशे वर्षे माहीत आहे, आणि आपण आज ते शैवाल खरवडायला सांगता!

प्रवाळाचे पिल्लू, म्हणजे त्याची सूक्ष्म अळी, पाण्यात तरंगत असते आणि बसायला जागा शोधत असते. अनेक जातींच्या अळ्या नुसत्या कोऱ्या दगडावर बसत नाहीत. या गुलाबी थरातून आणि त्यावरच्या जिवाणूंकडून रासायनिक खूण मिळाली तरच त्या खाली उतरतात आणि दगड धरतात. थर काढलात तर नवे प्रवाळ बसणार कुठे?

हे सगळे मी रागाने लिहिते आहे, कारण माझ्या डोळ्यांदेखत असे झाले आहे. काही वर्षांपूर्वी अमावास्येच्या मोठ्या सुकतीला, म्हणजे ओहोटीला, मी आमच्याकडच्या खडपात (किनाऱ्यावरच्या खडकाळ भागात) गेले होते. स्नॉर्केलिंगवाल्यांची दोन मुले लोखंडी पट्टीने खडक घासत होती. त्यातला एक माझाच विद्यार्थी निघाला. म्हणाला, "बाईंनू, पावण्यांचे पाय घसरतत." पाय घसरतात ते हिरव्या शेवाळावरून. गुलाबी थर खरखरीत असतो, त्यावर उलट पाय टिकतो. पण पट्टी काय हिरवे आणि गुलाबी वेगळे करते? मी पडलेली एक खपली उचलली. वरून गुलाबी, खालून खडूसारखी पांढरी, नखाएवढी जाड. यांच्या कित्येक जाती वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात. त्या मुलांनी सकाळभरात केवढी वर्षे काढून टाकली असतील! मालकाला भेटून सांगितले, तर तो म्हणाला की पर्यटकांना स्वच्छ खडक आवडतो. त्याच खडपात कालवे काढणाऱ्या बायका येतात. त्या कोयतीने एकेक कालव उचकटतात आणि बाकी खडकाला हात लावत नाहीत. मोहिमेची सूचना द्यायचीच तर ती देण्याआधी या बायकांशी बोलायला हवे होते.

ती खपली मी शाळेत नेली आणि तिच्यावर लिंबू पिळून मुलांना दाखवले. फसफसून बुडबुडे आले. हवेतला कार्बन डायऑक्साइड समुद्रात मुरतो आहे, पाण्याची आम्लता वाढते आहे, आणि या शैवालाच्या चुन्यात मॅग्नेशियम जास्त असल्याने तो इतर चुन्यापेक्षा लवकर विरघळतो. आधीच संकटात असलेल्या या जीवावर आपल्या पुरवणीने आणखी पट्ट्या चालवायला सांगितल्या आहेत. 1987 साली मालवणचे सागरी अभयारण्य जाहीर झाले ते प्रवाळांसाठीही होते, हे तरी लेखात यायला हवे होते. अभयारण्याच्या हद्दीत खडक घासायला परवानगी कोण देणार, हा प्रश्नही कुणाला पडलेला दिसत नाही.

तरी त्या सूचनेची दुरुस्ती ठळक जागी छापावी, आतल्या पानावर कोपऱ्यात नव्हे. रविवारची पुरवणी वाचून एखादे मंडळ सुट्टीत पट्ट्या घेऊन निघाले, तर ती दुरुस्ती त्यांच्या नजरेला पडली पाहिजे.

आणखी एक. आपल्या अंकात पूर्वी भरती-ओहोटीच्या वेळा येत असत. नव्या मांडणीत त्या गेल्या आणि त्या जागी राशिभविष्य लांबले. पहाटे खडपात जाणाऱ्या बाया आणि होडी काढणारे लोक ते पान बघत असत. सगळ्यांच्याच हातात मोबाइल नसतो, आणि असला तरी किनाऱ्यावर रेंज असेलच असे नाही. दोन भरती, दोन ओहोटी, एवढे चार आकडे रोज छापायला किती जागा लागते? त्या वेळा पुन्हा सुरू कराव्यात, ही विनंती मी याआधीही पत्राने केली होती. उत्तर आलेले नाही.

आपली,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, ता. मालवण