मुला-मुलाईची माती : मेळघाटातल्या एका बाबांना पत्र

बाबा, नमस्कार.

नाव छापायचं नाही असं तुम्ही निक्षून सांगितलंत, म्हणून नुसतं 'बाबा' लिहितो आहोत. पत्र नातीकडून वाचून घ्या. चिखलदरा-धारणीकडे किंवा मध्य प्रदेशातल्या बैतुलकडे उद्या कुणी कोरकू आदिवासींच्या जन्माची ही गोष्ट आमच्यासारखी उघड्यावर नाटक म्हणून उभी करायला निघालं, तर त्यांच्याही उपयोगी पडावं म्हणून सगळं मापासकट लिहिलं आहे. तुम्ही आमच्या नाटकाला दिलेला सल्ला इतका नेमका आहे की नुसतं 'आभारी आहोत' म्हणून भागणार नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी गोष्ट. विंध्य-सातपुडा ओसाड पाहून रावणानं महादेवाला विनवलं, इथं माणसं वसव. महादेवानं कागेश्वर कावळ्याला तांबड्या मातीचं वारूळ शोधायला धाडलं. ते बैतुलकडच्या सावलीगड आणि भंवरगडच्या डोंगरांमध्ये सापडलं. मूठभर माती घेऊन महादेवानं एक पुरुष आणि एक बाई घडवली. तेवढ्यात इंद्रानं पाठवलेले दोन अग्नीचे घोडे जमिनीतून उसळले आणि पुतळे तुडवून गेले. दोन दिवस तेच झालं. मग महादेवानं आधी कुत्रा घडवला, त्यात प्राण फुंकला. त्यानं घोडे अडवले, आणि पुन्हा घडवलेले पुरुष आणि बाई, म्हणजे मुला आणि मुलाई, जगले. तेच कोरकूंचे मूळ आईबाप. रसेल आणि हिरालाल यांच्या मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरच्या १९१६ सालच्या ग्रंथातही ही गोष्ट जवळपास अशीच छापली आहे.

सगळ्यात मोठं ऋण पुतळे मोडण्याबद्दलचं. आमच्या संहितेत पुतळे एकदाच मोडत होते, वेळ वाचावा म्हणून. तुम्ही म्हणालात, दोन दिवस म्हणजे दोन दिवस. दोनदा पूर्ण घडवा, दोनदा पूर्ण मोडा. आता पटतं. एकदाच मोडलं तर लोकांना तो घोड्यांचा खेळ वाटतो. दुसऱ्यांदा महादेव खाली बसून पुन्हा माती गोळा करायला लागतो, तेव्हा पुढच्या रांगेतली लहान मुलं पुढे सरकून बसतात. कुत्रा येण्याआधी ही भीती तयार व्हायलाच हवी, नाहीतर कुत्र्याचं मोल कुणाला कळत नाही.

मोडण्यासाठी माती कशी हवी हेही तुम्हीच शिकवलंत. वारुळाला हात लावायचा नाही, त्यात जीव राहतात. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीतून तर माती उचलताच येत नाही. म्हणून तुमच्या बांधाची तांबडी मुरमाड माती. शेतातली काळी माती चालत नाही: ती ओली असली की तळपायाला चिकटते, वाळली की तडकते, पण पायाखाली भुगा होत नाही. तीन घमेली तांबड्या मातीला एक घमेलं बारीक वाळू, आणि दोन्ही पाच मिलिमीटरच्या चाळणीतून, कारण घोडे झालेले नट अनवाणी नाचतात आणि बाभळीचा एक काटा खेळ थांबवायला पुरतो. भुसा अजिबात नाही. भिंतीच्या मातीत तो हवा, इथं तो माती धरून ठेवतो आणि पुतळा फुटायच्या ऐवजी नुसता कलंडतो. आत बांबूची काडीही नको, तिच्या चोया पायात जातात.

ओल किती, याची तुमची परीक्षा आम्ही रोज केली. मूठ आवळली की गोळा टिकला पाहिजे, आणि कमरेइतक्या उंचीवरून टाकला की तीन-चार तुकडे झाले पाहिजेत. नुसता चपटा झाला तर पाणी जास्त, धूळ झाली तर कमी. सकाळी पाणी शिंपडून माती ओल्या गोणपाटाखाली झाकली की संध्याकाळपर्यंत ओल सगळीकडे सारखी पोचते. ऐन वेळी पाणी घातलं तर वर चिखल आणि आत कोरडं, आणि पुतळा कमरेत तुटतो. दोन फूट उंचीच्या बसक्या पुतळ्याला दोन घमेली लागतात. दोनदा दोन पुतळे म्हणजे आठ घमेली, सव्वाशे किलोच्या पुढेच. तिसऱ्यांदा मातीचे पुतळे नाहीतच. मातीच्या ढिगाऱ्याआड अंगाला गेरू-माती लावून निजलेले दोघे नट उठतात. कलाकार उजेडात येण्याआधीच हा ढिगारा रचून ठेवायचा आणि दोघांची तोंडं मागच्या बाजूला, मोकळ्या हवेत ठेवायची, हे विसरून चालत नाही.

उजेडाबद्दल तुम्ही एकच वाक्य बोललात, "माती माती दिसू द्या." पांढऱ्या एलईडीत तांबडी माती फिकी दिसते आणि समोरून झोत टाकला की पुतळा सपाट होतो. पिवळसर दिवे, जमिनीपासून तीन फुटांवर, दोन्ही कडांनी तिरपे लावले तेव्हा बोटांच्या खुणासुद्धा उठून दिसल्या.

घोड्यांना खरी आग द्यायचा हट्ट तुम्ही मोडून काढलात, तेही बरं झालं. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा जंगलातला वणव्याचा हंगाम. सागाचा पाचोळा एका ठिणगीनं पेटतो. मशालींच्या जागी बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आला, दोन्ही खांद्यांवरून पट्ट्यांनी अडकवलेला, वर नारिंगी-पिवळ्या कापडाच्या चिंध्या आणि आत बॅटरीचे दिवे. सांगाडा चार किलोंच्या वर गेला की उडी मरते, म्हणून शेपटीची कामटीही आम्ही काढून टाकली. जमिनीतून उसळण्यासाठी खड्डा नको, अंधारात दुसऱ्याच कुणाचा पाय त्यात जाईल. मातीच्या रंगाच्या गोणपाटाखाली घोडे आधीपासून पडून राहतात. टापांचा आवाज तुमच्या चिटकोऱ्याचा, म्हणजे हातात वाजवायच्या लाकडी चिपळ्यांचा, ढोलाचा नव्हे. ढोल सगळीकडून ऐकू येतो. चिटकोऱ्याची टकटक कुठून आली ते कानाला कळतं, म्हणून माणसं घोड्याच्या दिशेनं माना वळवतात.

जागा निवडताना तुम्ही चढाकडे नट आणि उताराकडे लोक बसवलेत. डोंगरात दिवस मावळला की गार वारा उतारानं खाली येतो आणि शब्द सोबत नेतो. शिवाय दुपारी तापलेल्या जमिनीवरून आवाज वर निघून जातो. रात्री जमिनीलगतची हवा गार झाली की तोच आवाज खाली वाकून दूरवर पोचतो. ध्वनिक्षेपकाशिवाय पन्नास फुटांवरच्या म्हाताऱ्यांनी संवाद ऐकले, ते सूर्यास्तानंतर अर्धा तास थांबलो म्हणून. तोच खेळ चार वाजता केला असता तर घसे बसले असते.

रावणाचं तर आम्हाला एकट्यांना सुचलंच नसतं. दहा तोंडं आणि गडगडाटी हसू घेऊन तो आला की शहरातून आलेली माणसं आपोआप हसतात किंवा शिव्या घालतात, त्यांच्या डोळ्यांपुढे रामलीला असते. तुमच्याकडे रावण आणि मेघनाथ पुजले जातात. होळीच्या फागात मेघनाथाचा खांब उभा राहतो. या गोष्टीत रावणाला डोंगर ओसाड आहेत म्हणून वाईट वाटतं, एवढंच त्याचं काम. तुम्ही सांगितल्याप्रमाणे तो मुकुटाविना, हातात काठी घेऊन, लोकांमधूनच उठतो, आधी मागणं मागतो आणि नाव शेवटी सांगतो. नाव ऐकल्यावर जी शांतता पसरते ती त्या मागण्याचा मान आहे.

गावातली कुत्री हाकलू नका, हेही तुमचंच. कुत्रा झालेला नट भुंकला की खरी कुत्री उत्तर देतात, कधी रिंगणात येतात. हाकललं तर लोक त्यांच्याकडे बघत बसतात. नटानं दहा-बारा श्वास गप्प राहायचं, ती आपोआप निवतात, आणि मग एकदाच भुंकायचं. त्या एका भुंकण्यावर घोडे मागे हटतात.

आणि तो शब्द. कोरकू भाषा मुंडा कुळातली, मराठी-हिंदीशी नातं नसलेली, आणि तिच्यात एकवचन, द्विवचन, अनेकवचन अशी तीन वचनं. कोरो म्हणजे माणूस, कू म्हणजे अनेक. आमचा सूत्रधार मुला-मुलाई उठताच "हे पहिले कोरकू" म्हणत होता. तुम्ही त्याला थांबवलंत: दोघंच आहेत, अजून कू कुठे? आता ते दोघे लोकांत जाऊन एकेकाचा हात धरून उठवतात, गादली नाचाचा फेर धरला जातो, रिंगण भरतं, आणि तेव्हाच सूत्रधार तो शब्द उच्चारतो. मराठीतलं निवेदनही तुमच्या सांगण्यावरून कृतीच्या मागे गेलं. आधी सांगितलं की माणसं बघायचं सोडून ऐकत बसतात.

बाबा, आठही घमेली तुमच्या बांधावर परत टाकली आहेत, जिथून उचलली तिथेच. चाळताना निघालेले खडे बाजूला ढीग करून ठेवले आहेत, गेरू पहिल्या पावसात धुऊन जाईल. दोन गोणपाटं आमच्याकडे राहिली आहेत, ती पुढच्या फेरीला घेऊन येतो.

तुमचे ऋणी,
नाटकाची सगळी मंडळी