हाडांची बेगमी

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

काल प्लास्टर काढलं. सहा आठवड्यांनी स्वतःचा हात पाहिला आणि तो माझा वाटेचना. मनगट बारीक झालंय, कातडीचे पापुद्रे सुटताहेत, मूठ अजून पुरती वळत नाही. डॉक्टरांनी दाबायला मऊ चेंडू दिलाय. तो दाबत दाबत हे पत्र मनात जुळवलं आणि आज दोन-तीन बैठकींत लिहून काढलं.

ओल्या फरशीवर पाय सरकला, हात टेकला आणि मनगट मोडलं, एवढंच झालं होतं. इतक्याशा पडण्याने हाड मोडावं हेच डॉक्टरांना खटकलं, म्हणून त्यांनी हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करायला लावली. टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांच्या तुलनेत आपली घनता किती हे सांगणारा आकडा, उणे २.७ आला. उणे २.५ किंवा त्याहून खाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं विरळ आणि ठिसूळ होण्याचा आजार धरतात. फोनवर तुला "हाडं जरा ठिसूळ झालीत" एवढंच सांगितलं होतं, ते तू घाबरू नयेस म्हणून.

त्यावर तू म्हणालीस, "मी कॅल्शियमची गोळी सुरू केलीय, माझी काळजी करू नकोस." तेव्हापासून मला चैन नाही, कारण तीच गोळी मी पाच वर्षं घेत होते.

गोळीला मी नावं ठेवत नाही. पण पोटात गेलेलं सगळं कॅल्शियम हाडात पोचत नाही. मोठ्या माणसाच्या शरीरात साधारण पाव ते तिसरा हिस्सा शोषला जातो, तोही ड जीवनसत्त्व पुरेसं असेल तर. उरलेलं मोठ्या आतड्याकडे जातं आणि तिथे अब्जावधी जिवाणूंची वस्ती असते. त्यांचं अन्न म्हणजे आपल्याला न पचणारा चोथा: कडधान्यांची सालं, धान्याचा कोंडा, कांदा, लसूण, भाज्यांतले तंतू. तो आंबवून ते ब्युटिरेट, प्रोपिओनेट अशी आम्लं बनवतात. त्या आंबटपणात कॅल्शियम विरघळतं आणि वाया जाणाऱ्यातलं थोडं तिथेही अंगी लागतं. २००५ साली वयात येणाऱ्या मुलामुलींवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांना वर्षभर रोज ८ ग्रॅम इन्युलिनसारखे, म्हणजे कांदा-लसणात असतात तसले तंतू दिले होते. त्यांच्या शरीरात कॅल्शियम जास्त शोषलं गेलं आणि हाडंही जास्त भरली.

पण मला खरं हलवून सोडलं ते दुसऱ्याच गोष्टीने. हाड आपलं आपण मोडत आणि बांधत असतं. काही पेशी जुनं कुरतडतात, काही नवं भरतात. मोठ्या माणसात वर्षाकाठी सांगाड्याचा साधारण १० टक्के भाग असा बदलतो. पाळी गेली की इस्ट्रोजेन घटतं आणि कुरतडणं वरचढ होतं. हा सगळा खेळ हार्मोनचा, असं मी धरून चालले होते. मग २०१६ सालचा उंदरांवरचा एक प्रयोग वाचनात आला. अंगात एकही जिवाणू नसलेले उंदीर वाढवले आणि त्यांचं हे हार्मोन बंद पाडलं, तरी त्यांची हाडं झिजली नाहीत. आतड्यात जिवाणू होते त्या उंदरांची मात्र झिजली! इस्ट्रोजेन घटल्यावर आतड्याचं अस्तर सैल पडतं, जिवाणूंचे अंश आत झिरपतात, प्रतिकारशक्ती खवळते आणि तिची रसायनं कुरतडणाऱ्या पेशींना चेतवतात. त्या अस्तराच्या पेशींचं मुख्य इंधन कोणतं असेल? तेच ब्युटिरेट, चोथ्यापासून बनणारं. उंदरांमध्ये ते कुरतडणाऱ्या पेशींना आवरतं, हेही दिसून आलंय.

हे वाचून जिवाणूंच्या कॅप्सूल मागवू नकोस. स्वीडनमध्ये पंचाहत्तरी ओलांडलेल्या बायकांना वर्षभर एक जिवाणू दिला, तेव्हा नडगीच्या हाडाची झीज जवळपास निम्मी झाली. २०१८ साली त्याची बरीच चर्चा झाली. पुढे नुकतीच पाळी गेलेल्या बायकांना तोच जिवाणू दोन वर्षं दिला, तर काहीच फरक पडला नाही. माझा भरवसा ताटावर आहे.

आता तुझं. तू २४ वर्षांची आहेस. हाडांची भर साधारण तिशीपर्यंतच पडते, पुढे आहे ते टिकवायचं असतं. ही बेगमी करायला तुझ्या हातात पाच-सहा वर्षं आहेत. आजीची पाठ वाकली ती वयाने, असं आपण म्हणत आलो. तिचे मणके खचत होते हे मला आता कळतंय. तिचा वारसा तुझ्याकडेही आलेला असू शकतो.

आणि तू रात्री पाकिटातल्या नूडल्सवर भागवतेस. वजनासाठी सकाळचं खाणं सोडलंस, मध्यंतरी दोन महिने पाळी चुकली तेही मला उशिरा सांगितलंस. उपाशी राहून पाळी चुकत असेल तर हाडांची हानी आजच सुरू होते, मनू, माझ्या वयाची वाट बघत नाही. त्यासाठी डॉक्टरांकडे जाच. घसा दुखला की उरलेली अँटिबायोटिकही परस्पर घेऊ नकोस, त्याने आतड्यातली चांगली वस्तीही मरते.

कडधान्यं आणि भाज्या हळूहळू वाढव. एकदम वाढवलंस तर पोट फुगेल आणि तू सोडून देशील. सोबत दही घे, उन्हात चाल, जिने चढ. हाडावर भार पडल्याशिवाय ते बांधलं जात नाही.

मी एका वहीत रोजचं खाणं लिहायला लागलेय. अक्षर वेडंवाकडं येतंय, पण येतंय. तूही आठवडाभर लिही, नूडल्सचे दिवस न लपवता. रविवारी फोनवर दोघी वाचून दाखवू.

तुझी,
आई