मुंबई हायकोर्टातल्या पहिल्या महिला न्यायमूर्ती

ती. आई-बाबा यांना सा. न.

आई, हायकोर्टाचं जजपद परीक्षा देऊन मिळतं का, असं तू फोनवर विचारलंस. खालच्या कोर्टांना परीक्षा असते. वकिलीतून थेट हायकोर्टात जायला मात्र परीक्षा नाही. घटनेच्या कलम २१७ प्रमाणे हायकोर्टातली किमान दहा वर्षांची वकिली लागते, आणि कुणीतरी नाव सुचवावं लागतं. घोडं अडतं ते इथेच.

मुंबई हायकोर्टातल्या पहिल्या महिला जज सुजाता मनोहर १९५८ साली मुंबईत वकिलीला लागल्या, तेही ओरिजिनल साइडला. शहरातले मोठ्या रकमांचे दावे तिथे थेट हायकोर्टातच दाखल होतात. त्या काळी पक्षकार तिथल्या वकिलाकडे स्वतः येत नसे, सॉलिसिटर, म्हणजे पक्षकाराशी थेट व्यवहार करणारा वकील, ब्रीफ (खटल्याची कागदपत्रं) पाठवायचा. त्याने पाठवली नाही, तर बाई कितीही हुशार असो, हातात काम नाही. त्यांचे वडील के. टी. देसाई गुजरात हायकोर्टाचे मुख्य न्यायमूर्ती होते, त्यामुळे हे जग त्यांना परकं नव्हतं. पण वीस वर्षं व्यापारी दावे चालवले ते स्वतःच्या बळावर. १९७८ मध्ये त्या जज झाल्या. बायकांना वकिलीची वाट १९२३ च्या कायद्याने मोकळी झाली होती. तिथून या खुर्चीपर्यंत ५५ वर्षं!

बाबा, आता तुमच्या आवडीचा हिशेब. हायकोर्टाचा जज ६२ व्या वर्षी निवृत्त होतो, सुप्रीम कोर्टाचा ६५ व्या. ज्येष्ठता धरतात ती हायकोर्टातल्या नेमणुकीपासून. मनोहरबाईंचा जन्म ऑगस्ट १९३४ चा, म्हणजे नेमणुकीनंतर अठरा वर्षं हाताशी होती. १९९४ च्या जानेवारीत त्या मुंबईच्या पहिल्या महिला मुख्य न्यायमूर्ती झाल्या, त्याच वर्षी केरळला बदली आणि नोव्हेंबरात सुप्रीम कोर्ट. पन्नाशी उलटल्यावर नेमलेल्या बाईला एवढी वर्षं उरतच नाहीत. वरच्या खुर्च्यांवर बायका कमी दिसतात, त्याचं मला पटणारं मोठं कारण हेच.

आणि आई, ऑफिसांमध्ये लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी समिती असते ना, ती सुप्रीम कोर्टाच्या १९९७ च्या विशाखा निकालातून आली. त्या तिघांच्या खंडपीठात मनोहरबाई होत्या. अध्यक्ष बाईच हवी, निदान निम्म्या सदस्य बायका हव्यात, आणि संस्थेबाहेरची एक व्यक्ती हवी, कारण साहेबांचा दबाव आतल्या माणसांवर येतो. २०१३ चा कायदा येईपर्यंत सोळा वर्षं हाच निकाल कायदा म्हणून लागू होता.

बाकी भेटल्यावर.

तुमची,
मनू