तुझ्या डोक्यात काही बिघडलेलं नाहीये

सोन्या,

व्हॉट्सॲपवर मुद्दामच नाही लिहिलं, तिथे माझं लांबलचक काही आलं की तू नुसता अंगठा पाठवतोस. हे सावकाश वाच.

त्या रात्री अडीचला तुझ्या पांघरुणातून मोबाइलचा उजेड दिसला आणि मी ते ओढून काढलं आणि बोलून गेले की डोकं बिघडलंय तुझं, आता दाखवायलाच पाहिजे कुणाला तरी. आणि पुढच्या आठवड्यात खरंच घोडबंदरच्या त्या ट्रॅफिकमधून तुला न्यूरोफीडबॅकला, म्हणजे मेंदूचे सिग्नल पडद्यावर दाखवून लक्ष आवरायला शिकवतात त्या ट्रेनिंगला, घेऊन गेले. म्हणजे तुझ्या दृष्टीने आई म्हणाली बिघडलंय आणि लगेच डोक्याला वायरी लागल्या. ते वाक्य मला परत घ्यायचंय, चुकलंच माझं.

त्या वायरी काही दुरुस्त करत नाहीत रे. त्यातून डोक्यात करंट वगैरे काही जात नाही, टाळूवर येणारे अगदी बारीक विजेचे सिग्नल त्या फक्त वाचतात, म्हणजे ईईजीच, जो हान्स बर्गर नावाच्या जर्मन डॉक्टरने १९२४ मध्ये माणसाचा पहिल्यांदा घेतला. मन भरकटलं की समोरची फिल्म अंधारते आणि जागेवर आलं की उजळते, एवढाच खेळ. तिसऱ्या सेशनला मी काचेतून बघत होते, फिल्म बराच वेळ काळपट होती आणि तू दात आवळून बसला होतास, मग एकदम तुझे खांदे खाली आले आणि ते समुद्रातले मासे लख्ख दिसायला लागले, चांगला मिनिटभर. ते तू केलंस, मशीनने फक्त दाखवलं.

तुला मांजरं आवडतात म्हणून हे सांगते. १९६० च्या दशकात कॅलिफोर्नियात बॅरी स्टरमन म्हणून एक शास्त्रज्ञ होते, त्यांनी मांजरांना मेंदूतल्या एका ठरावीक लहरीसाठी, साधारण १२ ते १५ हर्ट्झ म्हणजे सेकंदाला तितक्या वेळा होणारी, खाऊ द्यायला सुरुवात केली आणि मांजरं ती लहर वाढवायला शिकली. अंग अजिबात हलत नाही पण लक्ष पूर्ण जागं, त्या वेळची ती लहर. आपल्या जिन्यातली मनी कबुतराकडे बघत बसते ना, तशी. आणि मला गणपतीतला तू आठवलास, सोसायटीच्या कॅरमवर क्वीन घेताना, बोट स्ट्रायकरला टेकलेलं, श्वास धरलेला, मागे लाऊडस्पीकर कोकलतोय आणि तुला पत्ता नाही. मोजलं नाहीये कुणी, पण ज्याला असं बसता येतं त्याचं लक्ष गेलंय असं मी कशी म्हणाले?

आता दुसरी गोष्ट, ती पण तुझ्यापासून लपवायची नाही. २० सेशनमध्ये मोबाइलची सवय सुटेल असं आपल्याला सांगितलं गेलं आणि मी विश्वास ठेवला, कारण मला ठेवायचाच होता. नंतर वाचत बसले. एडीएचडीच्या, म्हणजे लक्ष टिकवायला आणि स्थिर बसायला जड जातं अशा, मुलांवर अमेरिकेत एक मोठी ट्रायल झाली, निकाल २०२१ मध्ये आला, त्यात काही मुलांना खरं न्यूरोफीडबॅक आणि काहींना हुबेहूब तसंच दिसणारं खोटं, आणि कुणाला कुठलं हे मुलांना, पालकांना कुणालाच माहीत नाही. दोन्हीकडची मुलं सुधारली पण खरंवाली जास्त सुधारली असं काही निघालं नाही. आणि त्या सगळ्याच मुलांना झोपेचं आणि खाण्याचं कौन्सेलिंग पण होतं, मी तिथेच थांबले वाचताना. तुझ्यासारखं ज्यांचं स्क्रीन जास्त होतं त्यांना याने गुण येतोच असं ठासून सांगण्याइतका पुरावा तर नाहीच.

म्हणून उरलेली आठ सेशन करायची की नाही ते तू ठरव. तिथे अर्धा तास शांत वाटतं म्हणालास, तेवढ्यासाठी जायचं असेल तर मी घेऊन जाईन, पैसे भरलेत म्हणून मात्र जाऊ नकोस.

झोपेचं मात्र मी सोडणार नाही. रात्री तो उजेड डोळ्यावर पडला की मेलाटोनिन दबतं आणि झोप पुढे ढकलली जाते, शिवाय स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी मिटतात, तुझे डोळे चुरचुरतात ते त्यानेच असणार. दहाला फोन हॉलमध्ये, शू रॅकवरच्या चार्जरला, तुझा एकट्याचा नाही, माझा आणि बाबांचा पण. मी स्वतः अंथरुणात रील्स बघत होते आणि तुला ओरडत होते, ते आता बंद. उठायला आजोबांचं गजराचं घड्याळ सेल घालून तुझ्या टेबलावर ठेवलंय.

रविवारी बाबा सहाला येऊरला निघतायत, यायचं असेल तर बूट बाहेर काढून ठेव. आणि बाथरूममध्ये नवीन शॅम्पू आहे तो दोनदा लाव, सेन्सरची ती पेस्ट नुसत्या पाण्याने जात नाही, मंगळवारी तुझ्या उजव्या कानामागे थोडी तशीच वाळली होती.

आई