पन्नास रुपयांची धाव : सुभेदार मामांना जाहीर आभारपत्र

आदरणीय सुभेदार मामा,

सादर नमस्कार.

जानेवारीतल्या त्या रविवारी बळ्ळारी नाल्याच्या स्वच्छतेसाठीची आपली धाव झाल्यावर आभार मानण्यासाठी मंचावरून तुमचे नाव पुकारले गेले, तेव्हा तुम्ही येळ्ळूर रस्त्यावर कचऱ्याने भरलेल्या शेवटच्या पोत्याचे तोंड सुतळीने बांधत होता. नंतर मी तुमच्या घरी येऊन दोन शब्द बोलू लागले, तर तुम्ही मामींना चहा ठेवायला सांगून विषयच बदललात. म्हणून चार महिन्यांनी का होईना, चारचौघांनी वाचावे असे हे पत्र लिहीत आहे.

मी वडगावची. वय 47, घरी शिलाईचे काम करते. शाळा सुटल्यानंतर धावण्याचा संबंध बस पकडण्यापुरताच राहिला होता. तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलीने एका मोठ्या शर्यतीचा अर्ज हौसेने आणला होता आणि "आई, आपण दोघी जाऊया" म्हणाली होती. प्रत्येकी 600 रुपये फी होती. माझ्या हिशेबात ती चार ब्लाऊजची शिलाई, आणि दोघींची मिळून आठ. तो अर्ज मशीनच्या खणात बरेच दिवस पडून राहिला आणि एके दिवशी मापे लिहायला कागद हवा होता म्हणून मी त्याची पाठकोरी बाजू वापरली. मुलगी काही बोलली नाही, पण मला ते लागून राहिले होते.

गल्लीतल्या मंडळींनी नाल्याच्या स्वच्छतेसाठी पाच किलोमीटरची धाव घ्यायचे ठरवले आणि देवळात बैठक झाली, तेव्हा मी मागे बसले होते. टी-शर्ट, पदक, पाण्याच्या बाटल्या, दोन फ्लेक्स आणि नाश्त्याची थर्मोकोलची ताटे असा खर्च धरून माणशी 400 रुपयांचा आकडा निघाला. मराठा लाइट इन्फंट्रीत नोकरी करून निवृत्त झालेले तुम्ही तोवर गप्प होता. मग वही मागून घेतलीत आणि एकेक ओळ खोडत गेलात. टी-शर्ट पॉलिएस्टरचा, म्हणजे प्लास्टिकचाच; धुताना त्याचे डोळ्यांना न दिसणारे धागे सुटतात आणि गटारीतून त्याच नाल्यात जातात. फ्लेक्सही प्लास्टिकच. थर्मोकोलच्या ताटांवर तर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदी आहे. शेवटी लिंबू, गूळ, शेंगदाणे, प्रथमोपचाराचे सामान आणि पोती एवढेच वहीत उरले आणि फी 50 रुपयांवर आली. "ज्यांच्या शिवारात पाणी शिरतं, त्यांनाच परवडणार नसेल तर ही धाव कुणासाठी?" हे तुमचे वाक्य मी विसरलेले नाही. त्या रात्री मी मुलीचे आणि माझे असे 100 रुपये भरले.

छातीवर लावायचे क्रमांक कापडाचे करावेत, ही सूचनाही तुमचीच, आणि ते काम तुम्ही विश्वासाने माझ्यावर सोपवलेत. गिऱ्हाइकांच्या अस्तरांतून उरलेले पांढरे सुती तुकडे माझ्याकडे गाठोडेभर होते. ते वीतभर लांबी-रुंदीचे कापून, कडा दुमडून, चारही कोपऱ्यांना नाडी लावली, म्हणजे टाचण्याही लागणार नाहीत. आकडे माझ्या मुलीने रंगवले. माझा क्रमांक 112 होता. ते कापड आता शेगडीजवळ असते, तापलेला तवा मी त्यानेच उतरवते आणि धुऊन धुऊन मधला 1 फिका झाला आहे.

परंतु माझे खरे ऋण आहे ते व्हॅक्सिन डेपो या आपल्या शहरातल्या झाडीच्या मैदानातल्या त्या सहा आठवड्यांचे. पहाटे पावणेसहाला, झाडांखाली अजून अंधार असताना, तुम्ही आम्हा अकरा बायकांना एक मिनिट धावा आणि दोन मिनिटे चाला, असे शिकवायला सुरुवात केलीत, आणि धावताना शेजारणीशी पूर्ण वाक्य बोलता आले नाही तर वेग कमी करायचा, हा एकच नियम घालून दिलात. तिसऱ्या आठवड्यात माझी नडगी दुखू लागली. दम लवकर वाढतो, पण हाडे आणि सांध्यांचे बंध सावकाश बळकट होतात, त्यामुळे उत्साहाच्या भरात पायांवर भार जास्त पडतो, हे तुम्ही मला समजावून सांगितलेत आणि पाच दिवस धावू दिले नाही. तरीही रोज यायला लावलेत आणि हातात घड्याळ देऊन इतरांची मिनिटे मोजायला बसवलेत. घरी बसले असते तर मी परत आले नसते, हे तुम्हांला माझ्या आधी कळले होते. या साऱ्याचा एक पैसा तुम्ही कुणाकडून घेतला नाही.

धावेच्या दिवशी थंडी होती. सुगी आटोपून भाताची खाचरे मोकळी झाली होती आणि भातामागून पेरलेला मसूर जमिनीतल्या ओलीवर हिरवागार उभा होता. समोर राजहंसगडावर कोवळे ऊन पडलेले. दोन ठिकाणी घागरी मांडल्या होत्या आणि आम्ही कमरेला खोचून आणलेल्या स्टीलच्या पेल्यांत पोरे पाणी ओतत होती. वाटेत एका घराच्या कट्ट्यावरून दोन आज्या कानडीत "ओडरी अक्का, ओडरी" (धावा अक्का, धावा) म्हणून टाळ्या वाजवत होत्या. बळ्ळारी नाल्याच्या पुलाच्या अलीकडे मात्र माझे पाय उचलेनात. मुलगी पुढे गेली होती. मी कठड्याला हात टेकून उभी राहिले आणि इथूनच परत फिरावे असे मनात आले. सर्वांत मागे राहण्याचे काम तुम्ही स्वतःकडे घेतले होते, त्यामुळे तुम्ही येऊन पोहोचलात. धीर धरा, जमेल, असले काही बोलला नाहीत. "ती बाभळ दिसते? तिथपर्यंत जाऊ," एवढेच म्हणालात. बाभळीपाशी पोहोचल्यावर विजेचा खांब दाखवलात, खांबानंतर एक विहीर. मी वळणाच्या खुणेपर्यंत कशी पोहोचले, ते असे तुकड्यातुकड्यांनीच मला आठवते.

परतीची वाट पोती घेऊन चालत, कचरा वेचत यायची होती. धावता धावता कचरा वेचण्याच्या या प्रकाराला स्वीडनमध्ये 2016 च्या सुमारास 'प्लॉगिंग' हे नाव पडले, असे मुलीने मला सांगितले. आमच्याकडे तो तुमच्या आग्रहाने आला. पुलाखालच्या जलपर्णीत जे अडकले होते ते आम्ही काठाने ओढून काढले. सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर ती वनस्पती माजते, तिच्या जाळ्यात प्लास्टिक गुंतते, पुलाचे गाळे तुंबतात आणि पावसाळ्यात पाणी मागे फिरून वडगाव-शहापूरच्या भातात शिरते, हे आम्ही लहानपणापासून पाहत आलो आहोत. कुजलेल्या रोपांचा वास येणाऱ्या खाचरात माझ्या वडिलांना उभे राहिलेले मी पाहिले आहे, म्हणून हे काम मला परके वाटले नाही. तुम्ही प्रत्येक पोते रस्त्याकडेला ओतून त्याचे तीन ढीग करायला लावलेत. दुधाच्या पिशव्या आणि बाटल्या भंगारवाला घेतो. पान मसाल्याच्या पुड्यांत प्लास्टिकला दुसरे पापुद्रे चिकटवलेले असतात, म्हणून त्या कुणी घेत नाही. सर्वांत मोठा ढीग त्या पुड्यांचाच झाला. एवढ्याने नाला स्वच्छ झाला असे मी म्हणणार नाही, पण त्या पुलाचे दोन गाळे त्या दिवशी आमच्या हातांनी मोकळे झाले.

त्याच दिवशी काहींनी रोपे लावून फोटो काढण्याचा आग्रह धरला होता आणि तुम्ही तो मानला नाहीत. जानेवारीत लावलेले रोप पुढचे चार-पाच महिने पाण्याविना कसे तगणार, हे तुमचे म्हणणे शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मला तिथल्या तिथे पटले. म्हणून आता शेवटी एक विनंती. वेचलेल्या दुधाच्या पिशव्यांपैकी 40 मी मागून घेतल्या होत्या, हे तुम्हांला आठवत असेल. त्या धुऊन, तळाला भोके पाडून, माती आणि शेणखत भरले आणि मार्चअखेरीस त्यांत करंजाच्या बिया लावल्या. त्यांतली 31 रोपे वीतभर वाढून परसात उभी आहेत. मृगाचा पाऊस जमिनीत मुरला की त्यानंतरचा रविवार मोकळा ठेवा. आम्ही अकराही जणी येतो, माझ्या जाऊबाईंना धरून बारा. तुमची पहार तेवढी सोबत आणा. जागा पुलाच्या वरच्या अंगाची, त्या बाभळीजवळची, आणि मालकांची संमती मी घेऊन ठेवली आहे.

मामींना नमस्कार सांगा.

आपली नम्र,
क्रमांक 112, वडगाव, बेळगाव